डिझेलला चोक नसतो

"गाडी दारात उभी आहे, किल्ली हिच्याकडे ठेवलीय. आईंना घेऊन वेळेत पोचा. आणि हे बघा, सुरू करताना आणि बंद करताना तेवढं—"

"मला शिकवताय?" पेट्रोलराव फोनमध्ये गरजले. "अर्धं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलंय माझं!"

"स्कूटरची."

"इंजिन ते इंजिन!" असं म्हणून पेट्रोलरावांनी फोन ठेवून दिला. साडूचं ते अर्धवट वाक्य त्यांनी पुरतं ऐकून घेतलं असतं, तर त्या दिवशी एका चांगल्या दवाखान्याची शांतता भंग झाली नसती आणि 'शांतता राखा' ही पाटीही आडवी झाली नसती. पण ऐकून घेणं हा पेट्रोलरावांचा स्वभाव नव्हता. साडूचं तर नाहीच नाही.

पेट्रोलराव म्हणजे घरातले थोरले जावई. कोपऱ्यावर त्यांचं स्कूटरदुरुस्तीचं दुकान. डिझेलराव म्हणजे धाकटे जावई. जनरेटर, पाण्याचे पंप, टेम्पो, जे जे खडखडतं आणि धूर सोडतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. दोघांना आईवडिलांनी ठेवलेली चांगली नावं होती, पण ती आता फक्त विजेच्या बिलावर उरली होती. सासूबाईंसकट सगळं घर त्यांना पेट्रोलराव आणि डिझेलराव म्हणायचं, कारण दोघं एका पंगतीला बसले की भाजी वाढून व्हायच्या आत भांडण सुरू.

"तुमच्याकडे पेट्रोल आणि हवा आधीच गळ्यात गळा घालून आत येतात," डिझेलराव पोळीचा तुकडा हवेत नाचवत म्हणायचे. "मग ती दाबायची, पण बेतानं. दहा भांडी हवा एका भांड्यात कोंबली की तुमची हद्द संपली. जास्त दाबलं तर वेळेआधीच पेटतं आणि इंजिन टकटक करायला लागतं. म्हणून तुम्हाला प्लग पाहिजे, ठिणगी पाहिजे. आमच्याकडे आत फक्त हवा. वीस भांडी हवा एका भांड्यात दाबा! ती हवा अशी तापते, की वरून डिझेलचा नुसता फवारा पडला की आपोआप पेट. ना प्लग, ना वायर."

"आणि तेवढा दाब सोसायला इंजिन तिजोरीएवढं जाड!" पेट्रोलराव उसळायचे. "गाडी चालवता की तिजोरी ओढता हो? आमचं बघा, हलकं, चपळ, आवाज कसा गोड!"

एकदा सासूबाईंनी दोघांच्या मध्ये ताकाचं भांडं ठेवून विचारलं, "म्हणजे एकाला कुणीतरी काडी लावावी लागते आणि दुसरा आतल्या आत दाबून दाबून आपणच पेटतो, असंच ना?"

"अगदी बरोबर, आई," दोघं म्हणाले.

"मग तुमची नावं उलटी पडलीत," सासूबाई म्हणाल्या आणि आमटी आणायला आत गेल्या.

त्या काही उगीच बोलल्या नव्हत्या. डिझेलरावांना कुणीतरी काडी लावल्याशिवाय ते कधी पेटायचे नाहीत. मनात दाबून ठेवण्यात मात्र पेट्रोलरावांचा हात कुणी धरला नसता. सध्या त्यांच्या मनात जे दाबलेलं होतं, ते फारच अवघड होतं. ते होते आभार.

झालं होतं असं, की मागे एकदा पेट्रोलराव दुकानात स्टुलावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुकान बंद ठेवावं तर गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाणार आणि एकदा गेली की परत येणार थोडीच? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो शटर वर, आणि आत पाटावर बसून डिझेलराव प्लग घासतायत! ज्या माणसानं जन्मभर प्लगची टर उडवली, तो फुंकर मारमारून कार्ब्युरेटर साफ करत होता. प्लास्टर निघेपर्यंत तो माणूस रोज आला. त्यावर एक शब्द बोलला नाही, उपकाराची भाषा नाही, काही नाही.

आता हाच माणूस परका असता, तर पेट्रोलरावांनी आभारांनी त्याला आडवा केला असता. परक्यांच्या बाबतीत त्यांची जीभ फार सैल. रस्ता सांगणाऱ्याला ते दोन-दोनदा धन्यवाद द्यायचे, आणि सांगितलेला रस्ता चुकीचा निघाला तर परत येऊन तिसऱ्यांदा द्यायचे. पण साडूला? घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हणायचं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून बोलल्यासारखं. शब्द घशापर्यंत यायचे आणि तोंडातून बाहेर पडताना 'काय धूर सोडते हो तुमची गाडी!' असे होऊन पडायचे. मग रात्रभर स्वतःवरच चरफडणं.

आज तर त्या ओझ्यात आणखी भर पडली होती. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सासूबाईंनी शिवणकामावर दोन मुली वाढवल्या, आणि आता सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. डोळ्यांचे मोठे डॉक्टर बाहेरगावचे, कधीतरी यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. मागच्या खेपेला ऐन वेळी खोकला उपटला आणि नंबर हुकला. आज हुकला तर पुढचा कधी, देव जाणे. ऐन ऑपरेशनात वीज जाऊ नये म्हणून दवाखान्याचा जनरेटर तपासायला डिझेलराव पहाटेच तिकडे गेले होते, आणि जाताना आपली जुनी डिझेलची गाडी मागे ठेवून गेले होते.

पेट्रोलराव धाकटीकडे, म्हणजे डिझेलरावांच्या घरी, पोचले तेव्हा सासूबाई पुढच्या सीटवर बसूनही झाल्या होत्या. मागे बसलं की त्यांना मळमळायचं. मागे धाकटी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पेट्रोलरावांनी गाडीत बसून चौफेर नजर फिरवली. स्टिअरिंगच्या पलीकडे, सासूबाईंच्या गुडघ्याच्या बाजूला एक काळी मूठ दिसली. त्यांना हायसं वाटलं.

"हा बघ चोक!" त्यांनी मूठ खस्सकन बाहेर ओढली. "सकाळचं गार इंजिन, चोक दिल्याशिवाय कसं उठेल?"

"भाऊजी," धाकटी चाचरत म्हणाली, "हे सुरू करताना ते ओढत नाहीत."

"म्हणूनच धूर सोडते गाडी!"

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, घरघरलं, पण उठेना. पुन्हा फिरवली. पुन्हा घरघर. पेट्रोलराव चोकच्या आशेवर किल्ली फिरवत राहिले आणि घरघर हळूहळू कण्हण्यावर आली. शेवटी नुसतं 'टक्' झालं. बॅटरी उतरली.

"प्लगला काजळी धरली असणार," असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि सवयीनं पान्यासाठी हात मागे केला. मग त्यांना आठवलं, की जन्मभर ज्यावरून भांडलो ते हेच, इथे प्लग नाही. काढायला, घासायला, फुंकर मारायला काहीच नाही. एवढं मोठं इंजिन, आणि हात कुठे घालावा हे कळेना. पेट्रोलरावांना अगदी परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालं.

"डिझेलरावांना फोन लावू का?" सासूबाईंनी विचारलं.

"मुळीच नको!" पेट्रोलरावांनी बॉनेट आपटलं. "ढकलून सुरू करू. पुढे उतारच आहे."

शेजारपाजारचे चारजण जमले. पेट्रोलरावांनी प्रत्येकाला आधी धन्यवाद दिले, मग ढकलायला सांगितलं. गाडी उताराला लागली. त्यांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीनं गचके खाल्ले, पण इंजिन ढिम्म. उतार संपत आला. पुढे चढ होता आणि ढकलणारे एकेक करून गळत होते.

"हे काय मेलं गुडघ्यात खुपतंय?" सासूबाई वैतागल्या आणि त्यांनी ती काळी मूठ तळव्यानं आत ढकलून दिली.

धडाड्! गाडी अशी गरजली की धाकटीची पिशवी खाली पडली. खडखडखडखड! मागे काळा ढग उठला आणि त्या ढगातून ढकलणाऱ्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. पेट्रोलरावांनी खिडकीतून मान काढून पुन्हा सगळ्यांचे आभार मानले.

"बॅटरी मेलेली, ठिणगी नाही, तरी पेटलं बघा!" ते हरखून म्हणाले. नुसत्या हवेच्या दाबावर इंजिन उठतं, हे त्यांनी साडूच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. बुडाखाली ते घडताना आज पहिल्यांदाच पाहिलं आणि मनातल्या मनात डिझेलला हात जोडले. तोंडानं मात्र म्हणाले, "आवाज तेवढा कमी असता तर बरं झालं असतं."

आता गाडी बंद पडू द्यायची नाही, एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं. सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबून ठेवला, खड्ड्यात क्लच सांभाळला आणि गाडी एकदाची दवाखान्याच्या आवारात आणून दारासमोर उभी केली. वेळेच्या आत. पेट्रोलरावांनी समाधानानं किल्ली बंद केली, काढली आणि खिशात टाकली.

खडखडखडखड.

पेट्रोलरावांनी खिशातून किल्ली काढून पाहिली. किल्ली बाहेर होती. गाडी चालू होती.

"इंजिन बंद करा!" वॉचमन धावत आला.

"केलंय."

"कुठे केलंय? ऐकू येत नाही?"

"अहो ही बघा ना किल्ली! माझ्या हातात आहे!"

वॉचमननं किल्ली घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, गाडीकडे पाहिलं. त्याच्या एवढ्या नोकरीत असं झालं नव्हतं. "थांबा, साहेबांना दाखवून येतो. नाहीतर माझ्यावरच यायचं," म्हणून तो किल्ली पुरावा म्हणून घेऊन आत गेला. जाताना त्याच्या लक्षात आलं नाही आणि पेट्रोलरावांच्याही उशिरा आलं, की किल्ली काढल्यावर स्टिअरिंग जाम झालं होतं. म्हणजे आता गाडी बंदही होईना आणि हलवताही येईना.

सासूबाईंना आत नेलं. धाकटी त्यांच्याबरोबर गेली. पेट्रोलराव उतरून बॉनेट उघडून उभे राहिले. त्यांनी बॅटरीची वायर काढली. पेट्रोलचं कुठलंही इंजिन एवढ्यानं गप्प बसलं असतं. खडखडखडखड. त्यांनी दुसरी वायरही काढली. तरी तेच. हिरावून घ्यायला ठिणगीच नव्हती तर इंजिन कशाला ऐकतंय? मग आत बसून त्यांनी गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि इंजिन गुदमरवायला क्लच सोडला. पण घाईत टाकला पहिला गिअर, आणि पहिल्या गिअरमधल्या डिझेलपुढे तो जुना ब्रेक म्हणजे अगदीच बिचारा. गाडी बेडकासारखी उडाली आणि समोरची 'शांतता राखा' ही पाटी आडवी करून थांबली. इंजिन चालूच.

"आता कशालाही हात लावू नका!" परत आलेला वॉचमन किंचाळला. किल्ली त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली होती, आणि साहेब चहाला गेले होते.

दवाखान्याच्या खिडक्यांत एव्हाना गर्दी झाली. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं उरलेल्या डोळ्यानं पेट्रोलरावांकडे बघत होती. तेवढ्यात सिस्टर तरातरा बाहेर आल्या.

"ही गाडी तुमची?"

"साडूची," पेट्रोलराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं म्हणताना बरं वाटलं.

"डॉक्टर म्हणतायत, खिडकीची काच थरथरतेय. हा आवाज बंद झाल्याशिवाय ते कुणाच्या डोळ्याला हात लावणार नाहीत. पहिला नंबर एका आजींचा आहे, त्या तिथे टेबलावर आडव्या पडून आहेत. डॉक्टरांची दुपारची गाडी आहे. उशीर झाला तर आज होणार नाही!"

पेट्रोलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आजी म्हणजे आईच! ज्यांना वेळेत आणायला एवढा आटापिटा केला, त्यांचंच ऑपरेशन आपण दारात उभे राहून अडवतोय! त्या बाई पुन्हा सुईसाठी शेजारणीला हाक मारणार आणि ती हाक जन्मभर आपल्या कानात राहणार. पेट्रोलरावांचा सगळा ताठा त्या खडखडाटात विरघळला.

"साडूंना बोलवा!" ते ओरडले. "मागे जनरेटरपाशी आहेत! धाकट्याला बोलवा माझ्या!"

डिझेलराव हात पुसत आले. "मला वाटलं, मुद्दाम चालू ठेवलीय!" ते कानाशी येऊन ओरडले. "म्हटलं, अखेर आवडला वाटतं आवाज!" मग त्यांनी सुटलेल्या वायरी पाहिल्या, आडवी पाटी पाहिली, साडूचं तोंड पाहिलं, आणि हसणं गिळून मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले.

पेट्रोलराव खिडकीला धरून उभे होते. साडू आला आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता सगळं ठीक होणार, हे त्या माणसाच्या नुसत्या बसण्यावरून कळत होतं. त्यांचं मन एकदम भरून आलं. आणि असल्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येतंय? पेट्रोलरावांनी तोंड दुसरीकडे केलं आणि आतलं सगळं बाहेर पडू दिलं.

"हात मोडला तेव्हा तुम्ही माझं दुकान जगवलंत! बसून प्लग घासलेत! मी मेल्यानं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही! रोज ठरवतो आणि रोज धुरावरूनच टोमणा मारतो! तुम्ही माझे साडू नाही, तुम्ही माझे सख्खे—"

डिझेलरावांनी काळी मूठ बाहेर ओढली. इंजिन जागच्या जागी गप्प झालं.

"—भाऊ आहात! तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत हो!"

आवारात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. खिडक्यांतले सगळे उघडे डोळे पेट्रोलरावांवर होते. सिस्टरनी नाकाला रुमाल लावला. वॉचमन आडवी पाटी उचलायची विसरला.

"पहिलं अर्धं ऐकू येत नव्हतं," डिझेलराव शांतपणे म्हणाले, "म्हणून घाईनं ओढली."

"काही नाही," पेट्रोलराव लालबुंद होऊन म्हणाले, "धूर फार सोडते म्हणत होतो. हा... हा चोक नाही होय?"

"डिझेलला कुठला आलाय चोक? यानं डिझेल बंद होतं. आत फवारा नाही, तर नुसती हवा दाबून काय पेटणार? सकाळी हेच सांगत होतो."

वरच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "मला सगळं ऐकू आलं हो जावईबापू! आता मी सुखानं डोळा देते!" आणि पाठोपाठ डॉक्टरांचा, "आजी, झोपून राहा बघू!"

ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टरांना त्यांची गाडी मिळाली. पेट्रोलरावांनी डॉक्टरांचे, सिस्टरचे, वॉचमनचे, ज्यांनी ज्यांनी एका डोळ्यानं पाहिलं त्या सगळ्यांचे आभार मानले आणि पाटी स्वतः पुन्हा ठोकून दिली.

निघताना सासूबाई एका डोळ्यावर पट्टी लावून पुढे बसल्या, धाकटी मागे. साहेबांच्या टेबलावरून किल्ली परत आली, वायरी जोडल्या, पण बॅटरीत जीव नव्हता. पेट्रोलराव आणि वॉचमननं आवाराच्या उताराला गाडी ढकलली. डिझेलरावांनी क्लच सोडला आणि गाडी खडखडत उठली. पेट्रोलराव धावत खिडकीपाशी आले.

डिझेलराव समोर बघत ओठ हलवत होते. पायाखाली ॲक्सिलरेटर चांगला दाबलेला होता.

"काय म्हणताय?" पेट्रोलराव ओरडले.

डिझेलराव आणखी जोरात दाबून आणखी काहीतरी पुटपुटले. सासूबाईंनी उघड्या डोळ्यानं जावयाचे ओठ न्याहाळले, मग गुडघ्याशी चाचपडून काळी मूठ बाहेर ओढली. इंजिन थांबलं.

"हं, आता बोला," त्या म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

डिझेलरावांना पळायला जागा नव्हती. काडी लागली होती, पेटणं भाग होतं.

"उपकार तुमचेच आहेत, साडू," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "तुमचा हात मोडला ना, तेव्हा माझ्याकडे काम नव्हतं. मोठी दोन्ही गिऱ्हाइकं सुटली होती. हिला सांगायची हिंमत झाली नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि बागेत बाकावर बसायचो. मग तुम्ही पडलात आणि मला सकाळी उठून जायला एक दुकान मिळालं. प्लग घासता घासता माणसात राहिलो. नाहीतर वेड लागलं असतं मला. म्हणून म्हणत होतो, की... फार बरं झालं हो तुमचा हात मोडला ते."

"अगं बाई," मागून धाकटी एवढंच म्हणाली. तिनं हात पुढे करून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

पेट्रोलराव खिडकीतून आत वाकले. घशाशी आलेले शब्द या खेपेला धुराच्या वाटेला गेले नाहीत, सरळ बाहेर आले.

"पुन्हा कधी काम नसलं तर संकोच करू नका," ते म्हणाले. "डावा हात आहे अजून."

डिझेलराव आधी हसले, मग डोळे पुसायला लागले. सासूबाईंनी दोघांनाही ते करायला पुरेसा वेळ दिला, मग मूठ आत ढकलली आणि पेट्रोलरावांना पुन्हा गाडी ढकलायला पाठवलं.